न्याकिओचा गळमोजा

बाईने काळी मांबा चालवू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी बघितलंय. शाळा मी सातवीत सोडली, पण सायकलवाल्यांवर कुणी उगाच दंड ठोकला की कलम काढून त्याच्या तोंडावर कसं मारायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यामुळे आमच्या डोंगरावरची न्याकिओ पहिल्यांदा दुधाची किटली कॅरिअरला बांधून उतरली आणि दूधकेंद्रावरचे बाप्ये घसे खाकरायला लागले, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "कलम दाखवा." कुणाकडे नव्हतं. विषय संपला.

काळी मांबा म्हणजे आमची सायकल. जाड नळ्यांची, लोखंडी कॅरिअरची, गाढवाइतकी जड आणि गाढवाहून हट्टी. किनान्गोपच्या पठारावर डोंगराकडचं सगळं दूध तिच्याच पाठीवरून खाली येतं, कारण टँकर त्या चिखलात चढत नाही आणि चढायची त्याची इच्छाही नाही. तो खाली केंद्रावर उभा राहतो, भोंगा वाजवतो आणि निघून जातो. भोंग्याच्या आत पोचलं ते दूध. नंतर पोचलं ते वासरांचं.

न्याकिओ बुटकी, रुंद खांद्यांची, जिभेने तिखट. मुलीचं नाव गाथोनी, म्हणून सगळे तिला गाथोनीची आई म्हणतात. नवरा म्बुगुआ बटाटे लावतो. दोघांच्या घराला बटाटे पोसतात ते फक्त काढणीच्या दिवसांत. बाकीचं वर्ष न्याकिओचा रस्ता पोसतो.

रस्ता म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्यात फाटकाची रीत आहे. पहाटे धार काढून झाली की घरवाले किटली फाटकाच्या बाहेरच्या खुंटीला टांगतात. ज्याचा रस्ता, त्यानेच ती काढायची. दुसऱ्याच्या रस्त्यावरची किटली काढणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि घरवाल्यांना गडी बदलायचा असला तर ते भांडत नाहीत, बोलतही नाहीत. किटली फाटकाच्या आतल्या बाजूला टांगतात. तुम्ही सकाळी येता, बाहेरची खुंटी रिकामी दिसते, तुम्ही समजायचं. गोड बोलून गळा कापायची ही पद्धत मला कधीच आवडली नाही, पण रीत आहे.

न्याकिओच्या रस्त्यावरची सगळ्यात मोठी किटली म्हणजे सगळ्यात वर राहणाऱ्या न्दिरांगू आजोबांची. त्यांची किटली जाईल तिकडे बाकीच्या घरांच्या किटल्या जातात. म्हातारा काही बोलत नाही. लोक त्याच्या खुंटीकडे बघतात.

आता तिच्या मानेचं. आमच्याकडे बाया जळण वाहतात ते पाठीवर, आणि त्या भाऱ्याचा पट्टा असतो कपाळावर. लहानपणापासून ओझं मानेने ओढायचं. न्याकिओने इतकी वर्षं ओढलं की तिच्या मानेत काहीतरी कायमचं रुसून बसलं. एरवी चालायचं. पण जुलै आला की आमच्या पठारावर पहाटे गवत पांढरं होतं, बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो, आणि उतारावर सायकल सुटली की वारा गळ्यातून आत शिरून पाठीच्या मणक्यापर्यंत उतरतो. अशा वेळी तिची मान लाकूड व्हायची. मागून लॉरी आली तरी वळून बघता यायचं नाही. मग ती काय करायची, तर उतरून किटली सांभाळत चालत यायची. चालत येणाऱ्यासाठी टँकर थांबतो होय?

म्हणून तिने गळ्याला लेसो गुंडाळायला सुरुवात केली. लेसो म्हणजे बायांचं कमरेला बांधायचं सुती कापड. गळ्याला ऊब आली. पण लेसोला दोन टोकं असतात. एका सकाळी धुक्यात एक टोक सुटलं, मागच्या चाकात गेलं, साखळीने ते धरलं, आणि बाई आडवी. गळ्याला फास बसला नाही हे नशीब. न्दिरांगू आजोबांचं दूध मात्र रस्ताभर झालं. गावातली कुत्री त्या दिवशी दुपारपर्यंत हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या रस्त्यावरून वर गेलो तर आजोबांच्या फाटकापाशी आवाज चाललेले. न्याकिओ बाहेर, म्हातारा आत, आणि किटलीही आत. शेजारी थेउरी आपल्या सायकलवर एक पाय टेकून उभा. थेउरी म्हणजे तरणाताठा गडी, जुलैतसुद्धा जाकिटाची चेन उघडी ठेवून फिरणारा. थंडी वाजते असं कबूल केलं तर मिशी गळून पडेल असं त्याला वाटतं.

"आजोबा," न्याकिओ म्हणाली, "किटली आत कशी?"

"थंडी आहे ना, पोरी. तिलाही वाटली असेल."

"मला विचारलं असतं तर मी तिलाही लेसो गुंडाळला असता."

"तुझ्या लेसोनेच तर घात केला," म्हातारा म्हणाला. "राग मानू नको. थंडी सरेपर्यंत थेउरी नेईल. मग बघू."

"मग बघू म्हणजे कधी? तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तुम्ही कधी आणि काय बघणार?"

थेउरी फिसकन हसला. म्हातारासुद्धा हसला, पण किटली जागची हलली नाही. आतल्या खुंटीवर गेलेली किटली बाहेर येत नसते, हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी सायकल टाकून पुढे झालो. म्हटलं, "एकदा पडली म्हणून रस्ता काढता? हा थेउरी गेल्या पावसात नाल्यात गेला होता. तेव्हा कुणाची किटली आत गेली?"

"न्जोकीच्या बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," थेउरी मला म्हणाला. "नाल्यात मी गेलो होतो, दूध नव्हतं गेलं."

"दूध पोहून बाहेर आलं वाटतं?"

"पुरे," म्हातारा म्हणाला. त्याने काठीवर हनुवटी टेकवली. "न्याकिओ, तुला काय पाहिजे ते बोल. यांना बोलू देऊ नको."

"बाजारापर्यंत थांबा. गळ्याचं काहीतरी करते. बाजारानंतरच्या सकाळी बघा, उतरते का चालते."

म्हातारा म्हणाला, "माझ्या दोन गायी, दोन किटल्या करतो. एक तू ने, एक हा नेईल. टँकर सुटायच्या आत जो ओतेल त्याची किटली रिकामी परत येईल. रिकामी घेऊन येईल त्याला दोन्ही. दोघंही रिकामी घेऊन आलात तर थेउरीला, कारण तो पडलेला नाही."

"नाल्यात पडला होता," मी म्हणालो.

"न्जोकीच्या बाबा!"

तर असं ठरलं. तिला नुसतं पोचून भागणार नव्हतं. थेउरीच्या आधी पोचायला हवं होतं, आणि त्याचा टँकर चुकायला हवा होता. आणि मधे एकच बाजार.

गळ्याला काय घालायचं हे तिला ठाऊक होतं, कारण तिने ते पाहिलं होतं. नैरोबीहून कधीमधी रंगीत कपडे घातलेले सायकलवाले हौसेने घाट चढून येतात. त्यांतला एक पोरगा चहाच्या टपरीत बसला होता आणि त्याच्या गळ्यात एक मऊ कापडाची नळी होती. गाठ नाही, टोक नाही. वर ओढली की नाकापर्यंत, खाली केली की छातीपर्यंत. हाताला हातमोजा, पायाला पायमोजा, तसा तो गळमोजा. न्याकिओने चहाचा पेला खाली ठेवला आणि सरळ त्याच्यापाशी गेली.

"बाळा, ते काढ बघू."

पोरगं घाबरलं. पण काढून दिलं. तिने घातला आणि निवांत चहा संपवला. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग पुन्हा डावीकडे बघितलं, उगाचच.

"केवढ्याला रे?"

त्याने सांगितलं.

"अरे देवा! तेवढ्यात माझ्याकडे मेंढी येते."

"पण मावशी, हा खास सायकलसाठी असतो."

"मग मेंढीच गळ्यात घालून उतरते. दूधही देईल."

पोरग्याने हसत हसत गळमोजा परत घेतला. मला राग पोराचा नाही आला. राग आला तो किमतीचा. ज्याला रविवारी हौसेने थंडी खायची त्याच्यासाठी गळमोजे, आणि जिचं रोजचं जेवण थंडीतून येतं तिच्यासाठी लेसो!

मग घरी प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा म्बुगुआचा फुटबॉलचा मोजा पुढून कापला. तो कपाळापर्यंत आला आणि तिथेच अडकला. गाथोनी हसून हसून मका-घेवड्याच्या गिथेरीच्या पातेल्यात पडायची राहिली. मग म्बुगुआच्या स्वेटरची बाही गेली. बाही गळ्यात बसली, पण कापलेल्या कडेने वीण सुटत गेली आणि संध्याकाळपर्यंत गळ्यात बाही कमी अन् धागे जास्त अशी गत झाली.

"माझा हात कशात घालू आता?" म्बुगुआ ओरडला.

"दुसरी बाही आहे ना? एकेक हात घाला पाळीपाळीने."

म्बुगुआ बिचारा शांत माणूस. त्याने उरलेली बाही आत दुमडून घेतली आणि तसाच बटाट्यात गेला.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं न्जाबिनीला गेलो. मला बाजारकराच्या माणसाशी भांडायचं होतं, तिला मितुंबाचे ढीग उलथायचे होते. मितुंबा म्हणजे परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे. गठ्ठा कुणी उघडून बघत नाही, बंदच विकत घ्यायचा, मग फोडायचा, मग जे निघेल ते नशीब. सकाळी गठ्ठा फुटतो तेव्हा चांगला माल हुशार बाया ओढून नेतात, चढ्या भावात. दुपार कलली की उरल्यासुरल्याला झाडू लागतो, म्हणजे हाताला येईल त्या भावात घेऊन जा आणि आमची जागा मोकळी करा. न्याकिओ झाडूची गिऱ्हाईक. पण त्या दिवशी ती सकाळपासून उलथत होती. मफलर निघाले, त्यांना टोकं. लहान पोरांचे स्वेटर निघाले, ते तिच्या डोक्यातून जाईनात. एकीने तिला उंच गळ्याचा ब्लाउज दाखवला, त्याचा गळा उसवलेला.

"टोप्या घे की," ती बाई म्हणाली. "टोप्यांना टोकं नसतात."

टोप्या सगळ्यांकडेच होत्या. केंद्रावरच्या प्रत्येक सायकलवाल्याच्या डोक्यावर तीच टोपी, जाड मऊ कापडाची, वर टाळूवर भोपळ्याच्या देठासारखी चुणी आलेली. माझ्याही डोक्यावर होती. सगळ्यांनी घेतलेल्या एकीकडूनच, वांजाच्या आईकडून. बाजाराच्या टोकाला, कोबीच्या ढिगाशेजारी तिची ताडपत्री.

दुपारी माझं भांडण आटोपून मी न्याकिओला शोधत तिकडे गेलो. ती उभी होती आणि वांजाच्या आईच्या हाताकडे बघत होती. वांजाच्या आईच्या मांडीवर मऊ कापडाच्या नळ्यांचा ढीग. एकेक नळी उचलायची, वरचं तोंड मुठीत चुणायचं, दाभणाने चार जाड टाके घालायचे, दाताने दोरा तोडायचा आणि टोप्यांच्या ढिगात फेकायचं.

"काय करताय, वांजाच्या आई?" न्याकिओने विचारलं. आवाज अगदी पडेल.

"काय करणार! गोऱ्यांना टोप्या शिवता येत नाहीत," वांजाची आई म्हणाली. "विमानं उडवतात, पण टोपीचं वरचं तोंड उघडंच ठेवतात. गठ्ठ्यात नेहमी अशाच येतात. मी नसते तर अर्ध्या किनान्गोपची टाळकी गोठली असती."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तोंड उघडलं, "अगं, हा तर—" आणि न्याकिओचा गमबूट माझ्या पायावर पडला. नुसता पडला नाही, पडून राहिला.

"यांना काय झालं?" वांजाच्या आईने विचारलं.

"सकाळपासून भांडतायत. जीभ दमली," न्याकिओ म्हणाली. तिने शिवलेली एक टोपी उचलली, उलटी करून बघितली, तोंड वाकडं केलं. "केवढ्याला?"

भाव निघाला. टोपीचा भाव, बाजारातला नेहमीचा. न्याकिओने टोपी परत टाकली आणि ढिगातली न शिवलेली नळी दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

"आणि ही?"

"ती अजून व्हायचीय."

"म्हणून तर विचारते. सुई माझ्याकडेही आहे."

"मग शिलाई वजा करून घे. अर्ध्यात."

"अर्ध्यात? वांजाच्या आई, टोपी म्हणजे काय तर टाळू. हिला टाळूच नाही. बूड नसलेली किटली तुम्ही मला अर्ध्यात विकाल का?"

"किटली वेगळी."

"किटली तरी बरी. हिच्यात पाऊस वरून येऊन खालून जाईल. घेऊन जाते म्हणून उपकार माना."

"ए, कोण उपकार मानतंय! ठेव खाली. ठेव!"

न्याकिओने ठेवली. खरंच ठेवली, आणि वळून चालायला लागली. मी तिच्या मागे धावलो आणि पुटपुटलो, "अगं बाई, वेडी झालीस का? परत फीर!"

"गप्प चला. कोबीपर्यंत."

कोबीच्या ढिगापर्यंतही जायला लागलं नाही. मागून हाक आली, "ए गाथोनीच्या आई! दोन नेशील तर पाव किमतीत देते! आणि तोंड दाखवू नको परत!"

न्याकिओ परत गेली, मान खाली घालून, हरल्यासारखी. दोन निवडल्या, एक निळी स्वतःला, एक करडी म्बुगुआला, बाहीची भरपाई. वांजाची आई पैसे घेता घेता म्हणाली, "नीट शीव हं. चार टाके तरी घाल." न्याकिओ म्हणाली, "तुमचे टाके कुणाला जमायचेत, वांजाच्या आई!" आणि तिथून निघाली ती मटाराच्या गाडीआड जाऊन निळी नळी डोक्यातून खाली ओढूनच थांबली. नाकापर्यंत वर केली. खाली केली. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. अख्खा बाजार मान वळवून बघितला.

"न्जोकीच्या बाबा," ती आतून म्हणाली, "तुमच्या पायाचं काय झालं?"

"अंगठा गेला."

"जाऊ दे. गळा आला."

बाजारानंतरची सकाळ त्या वर्षातली सगळ्यात वाईट सकाळ होती. डोंगर दिसत नव्हता, फाटक दिसत नव्हतं, स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक दिसत होतं तेवढंच. न्दिरांगू आजोबांनी दोन किटल्या स्वतः बाहेर आणल्या आणि दोन्ही हातांनी तोलून बघितल्या, सारख्या भरल्यात याची खात्री करायला. थेउरीने किटली ट्यूबच्या पट्ट्याने बांधली. जाकिटाची चेन नेहमीसारखी उघडी.

"गाथोनीच्या आई," तो म्हणाला, "टोपी घसरली तुझी. पार गळ्यात आली."

"डोक्यात जागा उरली नाही रे, अक्कल भरलीय."

दोघं निघाले. मी माझ्या दोन किटल्या घेऊन मागे होतो, आणि सांगतो, त्या उतारावर मी जिवाच्या कराराने ब्रेक धरला होता. थेउरी सुरुवातीला बाणासारखा सुटला. पायांत त्याच्या कुणाहूनही जास्त जोर, त्यात शंका नाही. पण देवदारांच्या रांगेपाशी रस्ता वाऱ्याला उघडा पडतो. तिथे धुकं विरळ होतं, पण गालावर सुयांसारखं लागतं. मी बघितलं, थेउरीचे खांदे वर चढले, हनुवटी छातीत गेली, कासवासारखा तो आपल्याच अंगात शिरायला लागला. एका हाताने जाकिटाची चेन ओढायला गेला तर सायकल डुगडुगली. ती त्याने तशीच सोडली. मागून बटाट्याची लॉरी आली. भोंगा वाजला. थेउरीला मान वळवून बघता आलं नाही, लॉरी किती जवळ आहे ते कळलं नाही, म्हणून तो घाबरून रस्त्याच्या कडेला उतरला आणि थांबला. लॉरी गेली. मागून दुसरी आली. पुन्हा उतरला.

न्याकिओ त्याच्या मागेच होती. गळमोजा डोळ्यांखालपर्यंत. भोंगा वाजला तशी तिने मान वळवली. पूर्ण वळवली, खांद्यावरून मागे, जशी लग्नात शेजारणीचा नवा लेसो बघायला वळवावी तशी. लॉरी अजून लांब आहे हे बघितलं, पुढे नजर टाकली, बाजूच्या पट्टीवर सायकल घेतली आणि पाय न टेकवता लॉरीला वाट दिली. आणि थेउरीच्या पुढे गेली. जाताना काही बोलली नाही. मला वाटतं तोंड झाकलेलं होतं म्हणून. नाहीतर सोडलं नसतं तिने.

पुढच्या वळणावर बोटं ब्रेक धरेनात, तेव्हा थेउरी टपरीपाशी थांबला आणि शेगडीवर हात धरले. जुलैत सगळेच धरतात. मी पण धरतो. त्या दिवशी नाही धरले, कारण मला केंद्रावर काय होतंय ते बघायचं होतं.

मी पोचलो तेव्हा टँकरचं इंजिन सुरू होतं आणि न्याकिओ किटली उचलून मापात ओतत होती. केंद्रावरच्या माणसाने दूध तपासलं, मान हलवली. एक थेंब कमी नाही. मी माझ्या किटल्या घाईघाईने रिकाम्या केल्या. मग भोंगा वाजला, टँकर सुटला, आणि धुक्यातून थेउरी आला. भरलेली किटली घेऊन.

केंद्रावरचे सगळे सायकलवाले गोळा झाले होते. मग न्याकिओने गळमोजा हनुवटीखाली ओढला आणि इतका वेळ साठवलेलं सगळं बाहेर आलं.

"काय रे थेउरी, वासरांची सोय केलीस होय? फार दयाळू माणूस बाबा तू!"

हशा पिकला. थेउरीचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, तरी त्याने बाणा सोडला नाही. "ते गळ्यातलं कुठून आणलंस? नैरोबीहून?"

"तुझ्याकडे आहे की."

"माझ्याकडे कुठंय?"

"वाक."

"का?"

"वाक म्हणते ना! मारत नाही."

तो वाकला. न्याकिओने कोबी कापायची सुरी काढली, त्याच्या टोपीवरची भोपळ्याच्या देठासारखी चुणी चिमटीत धरली आणि वांजाच्या आईचे टाके कापले. मग दोन्ही हातांनी टोपी धरून खाली ओढली. टोपी कपाळावरून, डोळ्यांवरून, नाकावरून सरळ गळ्यात जाऊन बसली. थेउरी तसाच उभा राहिला. त्याने डावीकडे मान वळवली. उजवीकडे वळवली.

"आयला," तो म्हणाला.

पुढे जे झालं ते मी कुठल्याच मोर्चात बघितलं नाही. सगळ्या बाप्यांनी एकदम डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कुणी दाताने टाके तोडले, कुणी सुरी मागितली, कुणी सायकलच्या पान्याने उसवायला बसला. इतकी वर्षं गळमोजा डोक्यावर घेऊन, उघड्या गळ्याने, खोकत खोकत हिंडले होते सगळे. मी पण माझी कापली. कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्याच्या डोक्यावर काय आहे ते त्यालाही कळलं नव्हतं, पण त्या गोंधळात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आता डोक्याला काय?" कुणीतरी ओरडलं.

"वांजाच्या आईकडून दुसरी घ्या," न्याकिओ म्हणाली. "आणि तिला सांगा, मी चार टाके घातले."

थेउरीला भरलेली किटली घेऊन चढ चढायचा होता. सगळ्या घरांसमोरून. रिकामी किटली चढावर खुळखुळते, आणि भरलेली मुकी राहते. न्याकिओची किटली खुळखुळ वाजत पुढे आणि थेउरीची मुकी मागे, असे ते दोघं सायकली ढकलत वर गेले. बाया फाटकांपाशी येऊन ऐकत होत्या. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. अर्ध्या चढावर न्याकिओ थांबली आणि एका हाताने आपली सायकल सावरत दुसऱ्या हाताने थेउरीची मागून ढकलायला लागली.

"राहू दे," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही ढकलत. आजोबांचं दूध आहे."

न्दिरांगू आजोबा फाटकात उभे होते. त्यांनी न्याकिओची किटली उचलली, उलटी केली, हलवून बघितली. मग थेउरीची उचलायला गेले आणि उचलली गेली नाही. दूध वासरांकडे घेऊन जायला सुनेला हाक मारली.

"आजोबा," थेउरी म्हणाला, "लॉऱ्या फार होत्या."

"तिच्याही रस्त्यावर होत्या."

म्हाताऱ्याने न्याकिओला जवळ बोलावलं. तळहातांवर हलकेच थुंकून, आमचे वडीलधारे आशीर्वाद देताना करतात तसं, त्याने ते हात तिच्या हातांवर चोळले. मग तिचा गळमोजा बोटांनी चाचपून बघितला, आत बोट घालून बघितलं.

"ऊबदार आहे," तो म्हणाला. "टोक नाही?"

"नाही, आजोबा."

"मग ठीक."

त्याने दोन्ही रिकाम्या किटल्या धुऊन आणायला सांगितल्या. सून त्या घेऊन आली. म्हाताऱ्याने काठी फाटकाला टेकवली, एकेक किटली दोन्ही हातांनी उचलली, आणि बाहेरच्या खुंटीवर एकीशेजारी एक टांगली. एका खुंटीवर दोन बसेनात. तो आत गेला, हातोडी आणि खिळा घेऊन आला, आणि बाहेरच्या बाजूला दुसरी खुंटी ठोकायला लागला. मोतीबिंदूमुळे खिळा दिसेना, तेव्हा न्याकिओने खिळा धरला.

"बोटावर मारू नका, आजोबा. उद्या ब्रेक धरायचाय."

"धरून ठेव," म्हातारा म्हणाला, आणि मारला.